टाचेमागची शीर तुटली : ऑपरेशन करायचं की प्लास्टर?

कबड्डीत चढाई करताना किंवा व्हॉलीबॉलला उडी मारताना टाचेच्या वर 'फट्' आवाज येतो. मागून कुणी लाथ मारली असं वाटतं, पण मागे कोणीच नसतं. अशा वेळी पोटरीला टाचेशी जोडणारी जाड शीर तुटलेली असू शकते. डॉक्टर तिला अकिलिस टेंडन म्हणतात.

घोळ इथेच होतो. लंगडत का होईना, चालता येतं. एक्स-रेत हाड शाबूत दिसतं. मग 'मुरगळलाय' म्हणून तेल लावून चोळणं सुरू होतं आणि मोलाचे दिवस वाया जातात.

ओळखायचं कसं?
पालथं झोपून पाऊल कॉटच्या बाहेर ठेवा. दुसऱ्याने पोटरी हलकेच दाबावी. चांगल्या पायाचं पाऊल हलतं, शीर तुटलेल्या पायाचं सहसा हलत नाही. संशय आला तर चोळू नका, त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

दोन उपाय
पहिला, विनाऑपरेशन. पाऊल खाली झुकवून प्लास्टर किंवा खास बूट घालतात. तुटलेली टोकं जवळ येऊन जुळतात. दुसरा, ऑपरेशन करून टोकं शिवणं. त्यानंतरही बूट आणि व्यायाम चुकत नाहीत.

नॉर्वेत ५२६ रुग्णांवर झालेला अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. वर्षभरानंतर दोन्ही उपायांत पायाची सुधारणा सारखीच होती. मात्र शीर पुन्हा तुटण्याचं प्रमाण विनाऑपरेशन शंभरात सुमारे ६, तर ऑपरेशननंतर एकापेक्षा कमी होतं. उलट ऑपरेशनमध्ये नसेला इजा होण्याचं प्रमाण जास्त, शंभरात ३ ते ५ होतं. जखम चिघळण्याचा धोकाही असतो. शुगर असणाऱ्यांना, विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना तो अधिक.

कुणाला काय?
लवकर दाखवलं तर अनेकांचं विनाऑपरेशन भागतं. कोयत्याने किंवा पत्र्याने शीर कापली असेल तर मात्र टाके घालावेच लागतात. महिनाभर अंगावर काढलं तर टोकं लांब जातात, मग बहुतेक वेळा ऑपरेशनच करावं लागतं आणि तेही अवघड होतं.

उपाय कोणताही असो, बूट मनाने काढू नका. प्लास्टरमध्ये पोटरी फार सुजली किंवा दम लागला तर लगेच दवाखाना गाठा, रक्ताची गाठ असू शकते. ओझं उचलणं, धावणं यांना सहा महिने किंवा जास्तही लागतात. तेव्हा हंगामाच्या कामाला माणूस आधीच बघून ठेवा.