भ्रमणध्वनीची भरलेली कोठी

काशीची पहाट प्रसिद्ध आहे. 'सुबह-ए-बनारस' हा शब्दप्रयोग उत्तर भारतात एखाद्या म्हणीसारखा रूढ झालेला आहे. पूर्वी ही पहाट पाहावयाची तर काशीस जावे लागे. आज दशाश्वमेध घाटावरील सूर्योदय, गंगेतील नौका आणि पायऱ्यांवरील स्नानार्थी यांची चित्रे, त्यांवर 'शुभ प्रभात' ही अक्षरे लेवून, सकाळी सहाच्या आतच पुण्या-नागपुरातील भ्रमणध्वनींवर येऊन पडतात. ब्रह्माघाट व दुर्गाघाट या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी कुटुंबांकडे त्यांच्या मोबदल्यात पंढरीचा विठोबा जातो. पाहणारा ते चित्र क्षणभर पाहतो आणि विसरतो. यंत्र मात्र विसरत नाही. ते चित्र त्याच्या कोठीत जाऊन बसते.

या व्यवहाराचे प्रमाण केवढे आहे याची कल्पना २०१८ च्या जानेवारीत आली. 'वॉल स्ट्रीट जर्नल' या अमेरिकन वृत्तपत्राने त्या वेळी दिलेल्या वृत्तानुसार, भारतात स्मार्टफोन वापरणाऱ्या दर तिघांपैकी एकाची साठवणीची जागा रोज संपत होती. अमेरिकेत हेच प्रमाण दहांत एक असे होते. या वृत्तात सुप्रभातीच्या चित्रांकडे मुख्य बोट दाखविण्यात आले होते. त्याच सुमारास, म्हणजे डिसेंबर २०१७ मध्ये, गूगल कंपनीने 'फाइल्स गो' नावाचे ॲप प्रसृत केले होते; अशी चित्रे ओळखून ती एकगठ्ठा काढून टाकण्याची सोय त्यात होती. एका देशातील लोकांच्या शिष्टाचारामुळे यंत्रासाठी नवे साधन निर्माण करावे लागावे, ही तंत्रविद्येच्या इतिहासातील मौजेची गोष्ट होय.

'जागा अपुरी आहे' ही सूचना बहुधा नको त्या वेळी येते. कार्तिकी पौर्णिमेस देवदिवाळीच्या रात्री पंचगंगा घाटावर अहल्याबाई होळकरांच्या नावाशी जोडलेली दगडी दीपमाळ उजळते, सारे घाट पणत्यांनी भरून जातात आणि नेमक्या त्या क्षणी छायाचित्र घेण्यास यंत्र नकार देते. यात दैवाचा दोष नाही. कोठी भरते ती तिच्यात काही घातले जात असता. आणि माणूस सर्वांत अधिक भर घालतो ती उत्सवाच्या व प्रवासाच्या दिवशीच. अँड्रॉइड या कार्यप्रणालीच्या मूळ रचनेत, मोकळी जागा एकूण जागेच्या पाच टक्के अथवा ५०० मेगाबाइट, यांपैकी जे कमी असेल त्याच्या खाली गेली की धोक्याची सूचना निघते. उच्च प्रतीचे चलच्चित्र घेताना तेवढी जागा दीड-दोन मिनिटांत संपू शकते. सूचना आणि नकार यांच्यातील अंतर इतके थोडे असते.

येथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. भ्रमणध्वनीत दोन प्रकारच्या स्मृती असतात. एक तात्पुरती, जीत चालू असलेली कामे मांडलेली असतात. यंत्र बंद केले की ती रिकामी होते. दुसरी कायमची, जीत चित्रे, निरोप आणि ॲपे राहतात. उघडी असलेली ॲपे बोटाने सरकवून बंद केल्याने पहिली मोकळी होते; दुसरीत तीळभरही फरक पडत नाही. तसेच खोक्यावर '६४ गिगाबाइट' असे छापलेले असले तरी ती सगळी जागा ग्राहकाच्या वाट्यास येत नाही. छापील आकडा दशमान पद्धतीचा, म्हणजे ६४ अब्ज बाइटांचा असतो. संगणकाच्या १०२४ पटींच्या हिशेबाने मोजल्यास तो सुमारे ५९.६ भरतो, आणि त्यातूनही कार्यप्रणाली स्वतःसाठी मोठा भाग, कित्येकदा दहा गिगाबाइटांहून अधिक, आधीच राखून ठेवते. २०१४ च्या सप्टेंबरात भारतात 'अँड्रॉइड वन' या नावाने स्वस्त भ्रमणध्वनी आले तेव्हा त्यांची अंतर्गत साठवण अवघी ४ गिगाबाइट होती. त्या ग्राहकांच्या हाती काय उरत असेल, हे सांगावयास नको.

या कायमच्या स्मृतीची घडण समजून घेण्यास वाराणसीहून चांगले स्थान शोधून सापडणार नाही. मदनपुरा, अलईपुरा यांसारख्या मोहल्ल्यांतील विणकरांच्या मागांवर पुठ्ठ्यांच्या छिद्रित पत्त्यांची लांब माळ लटकत असते. फ्रान्समधील लियाँचा जोसेफ मारी जकार याने १८०४ च्या सुमारास सिद्ध केलेल्या युक्तीची ही बनारसी आवृत्ती होय. जेथे छिद्र आहे तेथील ताण्याचा धागा वर उचलला जातो, जेथे नाही तेथील खाली राहतो; एक पत्ता म्हणजे नक्षीतील एक ओळ. साडीच्या बुट्ट्या व पदर ही सारी या होय-नाहीच्या भाषेत लिहिलेली असतात. भ्रमणध्वनीतील चित्रही याच भाषेत लिहिलेले असते. चारशे छिद्रस्थानांचा पत्ता धरल्यास त्यात ५० बाइट माहिती मावेल. या मापाने ६४ गिगाबाइटांसाठी १२८ कोटी पत्ते लागतील. आणि ही सारी माळ नखाएवढ्या चकतीत सामावलेली असते!

हे कसे साधते? १९६७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत दावन कांग व सायमन झी या शास्त्रज्ञांनी 'तरंगत्या द्वारा'ची कल्पना मांडली. अर्धवाहक चकतीवरील प्रत्येक सूक्ष्म कोठडीत विद्युद्वाहक पदार्थाची एक पट्टी असते आणि तिला चोहोबाजूंनी निरोधक थरांनी वेढलेले असते. जोरदार विद्युद्दाब दिला की इलेक्ट्रॉन त्या थरातून आत शिरतात. दाब काढला की त्यांना बाहेर पडण्यास वाट उरत नाही आणि ते वर्षानुवर्षे तेथेच कोंडलेले राहतात. यंत्र बंद असतानाही छायाचित्र शाबूत राहते ते या कोंडलेल्या इलेक्ट्रॉनांमुळे. अलीकडच्या बहुतेक चकत्यांत पट्टीऐवजी नायट्राइडाचा थर वापरतात. तत्त्व तेच आहे. पुढे जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी अशा कोठड्यांचा समूहच्या समूह एकदम पुसता येईल अशी रचना केली आणि १९८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील परिषदेत ती जाहीर केली. पुसण्याची ही क्रिया छायाचित्रकाराच्या दिव्याच्या लखलखाटासारखी भासते, म्हणून शोजी आरिइझुमी या त्यांच्या सहकाऱ्याने तिला 'फ्लॅश' हे नाव सुचविले. भ्रमणध्वनीत आज वापरला जाणारा 'नँड' हा प्रकार १९८७ चा.

समूहच्या समूह पुसला जातो, यातच पुष्कळ गोष्टींचे रहस्य आहे. पत्त्यात एकदा पाडलेले छिद्र बुजविता येत नाही. नक्षीची ओळ चुकली तर कारागीर नवा पत्ता पाडून जुन्याच्या जागी ओवतो. फ्लॅश स्मृतीचेही असेच असते. तिच्यावर लिहावयाचे ते पानापानाने, साधारण १६ किलोबाइटांचे एक पान. परंतु पुसावयाचे ते शेकडो पानांच्या गठ्ठ्याने. एखादे पान बदलावयाचे झाल्यास यंत्र ते कोऱ्या जागी नव्याने लिहिते, अनुक्रमणिकेत नवा पत्ता नोंदविते आणि जुने पान 'रद्द' म्हणून पडू देते. पुढे सवड मिळाली की ज्या गठ्ठ्यात रद्द पाने पुष्कळ झाली असतील त्यातील उपयोगी पाने दुसरीकडे नेऊन ठेवते आणि मग तो गठ्ठा कोरा करते. या हलवाहलवीस मोकळी जागा हवी. कोठी काठोकाठ भरलेली असली की एक पान लिहिण्यासाठी दहा पाने हलवावी लागतात. भरलेला भ्रमणध्वनी मंद का होतो, याचे हे एक मोठे कारण आहे. शिवाय प्रत्येक पुसण्याने निरोधक थर थोडा थोडा झिजतो. एका कोठडीत तीन अंक साठविणाऱ्या आजच्या चकत्या सुमारे एक ते तीन हजार वेळाच पुसता येतात; म्हणून यंत्र ही झीज सर्व गठ्ठ्यांवर सारखी वाटीत असते. दहा-पंधरा टक्के जागा नेहमी मोकळी ठेवणे हे या दृष्टीने शहाणपणाचे आहे.

आता काढावयाचे काय? बहुतेक लोक प्रथम सुप्रभातीच्या चित्रांवर तुटून पडतात. परंतु खरा भार अनेकदा दुसरीकडेच असतो. सामान्य प्रतीच्या एका मिनिटाच्या चलच्चित्रास, ते कोणत्या रीतीने दाबून बसविले आहे त्यानुसार, सुमारे ६० ते १३० मेगाबाइट लागतात. ज्यास 'फोर-के' म्हणतात त्यास १७० ते ३५०. उलट, एका मिनिटाचा बोलका निरोप दोन-तीनशे किलोबाइटांत मावतो. १३० मेगाबाइटांच्या एका चित्रफितीच्या जागेत असे चारशेंहून अधिक निरोप राहतील. व्हॉट्सॲपमध्ये व भ्रमणध्वनीच्या मांडणीतही साठवणीचा आकारवार हिशेब पाहण्याची सोय आहे. झाडू हाती घेण्यापूर्वी तो पाहावा. पाठविलेल्या चित्रांच्या प्रतीही अँड्रॉइडवर 'सेंट' नावाच्या वेगळ्या कप्प्यात साठत राहतात, हे फार थोड्यांना ठाऊक असते. चित्रे आपोआप उतरवून घेण्याची क्रिया बंद केली म्हणजे ओघ आटतो. मात्र ती केवळ चित्रसंग्रहात 'दिसू नयेत' अशी मांडणी केल्याने काही साधत नाही. दृष्टीआड झालेली चित्रे कोठीत असतातच.

बोलक्या निरोपाचा उल्लेख सहज केलेला नाही. अस्थिविसर्जनासाठी काशीस येणाऱ्या अनेकांच्या खिशातील भ्रमणध्वनीत गेलेल्या माणसाचा आवाज असतो. 'पोचलास का रे? जेवून घे,' एवढेच शब्द. पण त्यांची दुसरी प्रत कोठेही नसते. घाटावरील विधींची चित्रे घेता घेता जागा संपते, नाव ताटकळत असते, आणि घाईघाईने सारे निवडून 'काढून टाका' ही कळ दाबली जाते. वर दिलेल्या आकड्यांवरून ध्यानात येईल की त्या निरोपाला हात लावल्याने जागा जवळजवळ काहीच मिळत नाही. असा निरोप ॲपबाहेर दुसऱ्या ठिकाणी, घरच्या संगणकावर किंवा नातलगाच्या टपालपेटीत, आधीच पोचता केलेला बरा.

याहून मोठा धोका दोन शेजारच्या कळींत आहे. मांडणीत कोणतेही ॲप उघडले असता साठवणीच्या पानावर 'कॅशे' साफ करण्याची आणि 'स्टोरेज' किंवा 'डेटा' साफ करण्याची अशा दोन कळी दिसतात. कॅशे म्हणजे पुन्हा लागेल म्हणून जवळ ठेवलेली तात्पुरती सामग्री; ती गेली तर ॲप ती पुन्हा आणते. दुसरी कळ ॲपला जन्माच्या दिवशीच्या स्थितीस नेते. व्हॉट्सॲपच्या बाबतीत तिचा अर्थ यंत्रातील सर्व संभाषणांची नोंदवही फाडणे असा होतो. राखीव प्रत नसेल तर ती पुन्हा जुळत नाही. आकडा मोठा दिसतो तो या दुसऱ्या कळीपुढेच, आणि म्हणूनच मोह होतो.

'पुसलेले परत काढून देतो' असे सांगणारे पुष्कळ भेटतात. जुन्या चुंबकीय तबकड्यांच्या काळात त्यात तथ्य होते. नोंद काढली तरी मजकूर तबकडीवर राहत असे. आजच्या भ्रमणध्वनीत सर्व मजकूर सांकेतिक स्वरूपात लिहिलेला असतो, आणि रद्द झालेली पाने यंत्र आपण होऊन कोरी करीत असते. कचरापेटीतून निघून गेलेली वस्तू तेथून परत मिळण्याची आशा जवळजवळ नसतेच. कचरापेटीची मुदत मात्र उदार आहे. 'गूगल फोटोज'मध्ये दूरच्या संगणकावर पोचलेले छायाचित्र काढल्यावर ६० दिवस आणि न पोचलेले ३० दिवस पेटीत राहते. याच ॲपात दुसरीही एक खोच आहे. 'जागा मोकळी करा' या कळीने केवळ यंत्रातील प्रत जाते, दूरची राहते. पण तेच छायाचित्र नेहमीच्या रीतीने काढले तर दोन्ही ठिकाणांहून जाते. त्या दूरच्या कोठीसही सीमा आहे. तेथील अमर्याद विनामूल्य साठवण १ जून २०२१ रोजी संपली. आता टपाल, कागदपत्रे व छायाचित्रे मिळून १५ गिगाबाइट विनामूल्य मिळतात, आणि २०२४ पासून अँड्रॉइडवरील व्हॉट्सॲपची राखीव प्रतही त्यातच मोजली जाऊ लागली आहे.

उरला प्रश्न बाहेरून घालावयाच्या स्मृतिपत्राचा, म्हणजे मेमरी कार्डाचा. ज्या यंत्रात त्यास खाच असेल तेथे चित्रे व गाणी ठेवण्यास ते उत्तम. ॲपे त्यावर ठेवल्यास ती बहुधा मंद चालतात. बाजारात मात्र खोटी पत्रे फार आहेत. त्यांतील नियंत्रक चकती १२८ गिगाबाइटांची ग्वाही देते, आत असतात आठ. आठ भरेपर्यंत सारे ठीक चालते. पुढे नवे चित्र जुन्यावर लिहिले जाते किंवा हवेत विरते, आणि यादीत त्याचे नाव मात्र दिसत राहते. अशा पत्राची परीक्षा एकच आहे. घरी आणताच ते मोठ्या फाइलींनी काठोकाठ भरावे, मग पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक उघडून पाहावी, आणि सर्व उघडल्या तरच ते यात्रेस बरोबर न्यावे.