दुधाच्या हिशोबापासून ॲपपर्यंत

वेबसाइट किंवा मोबाइल ॲप बनवायला ऑनलाइन कोर्समधून शिकता येते. त्यासाठी कॉम्प्युटरची पदवी लागत नाही. साधा लॅपटॉप, इंटरनेट आणि रोजचा तासभर पुरतो. मात्र पहिल्या दिवसापासून आपल्या उपयोगाची एक वस्तू बनवत राहावे. आपण घरच्या दुधाचा हिशोब घेऊ.

१. कोर्स निवडणे. फ्रीकोडकॅम्प या संकेतस्थळावरचे धडे मोफत आहेत. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातले काही धडे मराठीतही मिळतात. कोणताही एक घ्या आणि पुरा करा. कोर्स अवघड होऊ लागला की दुसरा बरा वाटतो, कारण सुरुवात सगळीकडे सोपीच असते. बरेच जण इथेच अडकतात.

२. पान मांडणे. एचटीएमएल म्हणजे पानावर काय आहे हे ब्राउझरला सांगणाऱ्या खुणा. सीएसएस म्हणजे ते कसे दिसावे याचे नियम. नोटपॅडमध्ये फाइल जतन करताना नावाच्या शेवटी नकळत ‘डॉट टीएक्सटी’ लागते आणि पान उघडतच नाही. ते शेपूट तपासा. मराठी अक्षरांऐवजी विचित्र चिन्हे दिसली, तर पानाच्या वरच्या भागात ‘यूटीएफ-८’ची ओळ लिहायची राहून गेली आहे का ते पाहा.

३. हिशोब करवणे. बेरीज-गुणाकार करते ती जावास्क्रिप्ट ही भाषा. सकाळचे १ लिटर आणि संध्याकाळचे २ लिटर मिळवले, तर उत्तर १२ येऊ शकते! पानावरच्या चौकटीत लिहिलेले आकडे जावास्क्रिप्टला अक्षरे म्हणून मिळतात. ती अक्षरे एकापुढे एक चिकटतात. आधी त्यांचे संख्येत रूपांतर करावे लागते.

४. चूक शोधणे. कोड चालला नाही की पुसून टाकू नका. बहुतेक ब्राउझरमध्ये एफ-१२ दाबून ‘कन्सोल’ उघडा. लाल ओळीत सहसा चूक आणि ओळीचा क्रमांक दिलेला असतो. तो संदेश शांतपणे वाचणे हीच निम्मी विद्या.

५. व्हिडिओ बंद करणे. पाहताना सगळे समजते, कोरी फाइल उघडली की हात थांबतो. म्हणून प्रत्येक धड्यानंतर तेच न पाहता पुन्हा लिहा. अडलात तिथेच शिकणे सुरू होते.

६. जगापुढे ठेवणे. गिटहब पेजेस या सेवेवर पान मोफत ठेवता येते. घरी दिसणारा फोटो तिथे दिसेनासा झाला, तर फाइलच्या नावातली इंग्रजी मोठी-लहान अक्षरे जुळवा. विंडोजला तो फरक चालतो, तिथे चालत नाही.

७. ॲपकडे वळणे. आता फ्लटर हे ॲप बनवण्याचे साधन शिकावे. त्यात डार्ट भाषेत लिहिलेला एकच कोड अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर चालवता येतो. गूगल प्लेवर ॲप ठेवण्यासाठी नोंदणीचे २५ डॉलर एकदाच भरावे लागतात. ती घाई नको.

महिनाअखेरीस घरचे बिल आपल्याच पानावर काढून बघा. कोणीतरी विचारेल, “दूध आले नाही ते दिवस कसे वजा करायचे?” पुढचा धडा कोणता, ते त्या प्रश्नातच मिळेल.