न्हाणीघरातलं पाणी तुंबतं तेव्हा

नरकचतुर्दशीच्या पहाटे घरातली सगळी एकापाठोपाठ तेल-उटणं लावून न्हातात आणि शेवटच्या माणसाच्या वेळी पाणी घोट्यापर्यंत चढतं. सणाच्या दिवशी प्लंबर कुठून मिळणार? पण बहुतेक वेळा त्याची गरजही नसते. पाणी अडलेलं असतं ते जाळीखाली वीतभर अंतरात, हात पोचेल अशा जागी.

जाळीखाली बसवलेल्या भांड्याला प्लंबर नहाणी ट्रॅप म्हणतात. त्यातून पाणी बाहेर पडायची वाट तळापेक्षा वर असते, म्हणून आंघोळीनंतरही सुमारे 50 मिलिमीटर पाणी आत साठून राहतं. ते राहायलाच हवं. ड्रेनेजच्या पाइपातला वास आणि झुरळं तेच थोपवतं. संडासाच्या नळीला बाक देऊन असं पाणी साठवण्याच्या रचनेचं पेटंट लंडनमधल्या अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने 1775 साली घेतलं. तत्त्व आजही तेच आहे. घर महिनोन् महिने बंद राहिलं की हे पाणी आटतं आणि दार उघडताच दुर्गंधी येते. तांब्याभर पाणी ओतलं की काम होतं.

पण पाण्याला जिथे वळण, तिथे केसही अडकतात. केस लवकर कुजत नाहीत. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून पांढरट, चिकट साका तयार करतं. तो पाण्यात विरघळत नाही. त्यात तेल आणि उटण्याची भुकटी मिसळली की केसांभोवती राखाडी, बुळबुळीत गोळा जमतो. हा गोळा विरघळवायच्या मागे लागू नका, तो बाहेर काढा.

रबरी हातमोजे घाला, साचलेलं पाणी मगाने उपसा आणि जाळी काढा. ती पांढऱ्या सिमेंटने बसवलेली असेल, तर कडेने पातळ स्क्रू ड्रायव्हर हळूहळू फिरवून सैल करा. काही ट्रॅपमध्ये आत उपडी वाटी असते, तीही उचला. मग लोखंडी हँगरची तार सरळ करून टोकाला छोटा आकडा वळवा, वळणात घाला, फिरवा आणि ओढा. पुढे ढकलायचं मात्र नाही. ढकललेला गोळा अशा ठिकाणी जाऊन बसतो की तिथे तार पोचत नाही.

तरीही पाणी उतरत नसेल तर प्लंजर. त्याचा रबरी कप पाण्यात बुडलेला हवा, नाहीतर नुसती हवाच दाबली जाते. बेसिनचा पाइप बहुधा याच ट्रॅपला जोडलेला असतो. बेसिनच्या भोकात ओलं फडकं घट्ट कोंबा, म्हणजे दाब तिकडून निसटणार नाही. बाथटब असेल तर त्याच्या वरच्या अंगाचं ओव्हरफ्लोचं भोक असंच बंद करावं लागतं. दाबण्याइतकंच जोरात वर खेचणंही महत्त्वाचं, कारण अडकलेला गोळा सुटतो तो दोन्हीकडून हिसके बसल्यावर. शेवटी बादलीभर गरम पाणी ओता, पण आंघोळीइतकंच गरम. उकळत्या पाण्याने पीव्हीसीचा पाइप मऊ पडतो.

खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र केल्यावर फेस जोरात येतो, पण मागे उरतं ते बहुतांशी खारट पाणी. केसांचं त्याने काही बिघडत नाही. कॉस्टिक सोडा केस आणि चरबी दोन्ही खातो, मात्र पाण्यात पडताच प्रचंड तापतो आणि कातडी भाजतो. ॲसिड तर फरशीच्या फटीतलं सिमेंट आधी खातं आणि कोटा फरशीवर डाग पाडतं. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली तर क्लोरीन वायू निघतो. बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. असलं काही आत ओतल्यावर प्लंजर अजिबात मारू नका, शिंतोडे थेट डोळ्यांत जातात.

फ्लश ओढल्यावर न्हाणीघरात पाणी वर येत असेल, किंवा खालच्या मजल्यावरही तीच तक्रार असेल, तर अडथळा इमारतीच्या सामायिक पाइपात किंवा चेंबरमध्ये आहे. तिथे घरगुती उपाय संपतात आणि सोसायटीने यंत्राने सफाई करून घ्यायला हवी. गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये हायड्रोजन सल्फाइड साठलेला असू शकतो, त्याने काही क्षणांत माणसाची शुद्ध हरपते. संरक्षक साधनांशिवाय तिथे कुणालाही सफाईसाठी उतरवणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे.