विभागीय चौकशी

विभागीय चौकशी : शासकीय कर्मचाऱ्याने सेवेत असताना केलेल्या कथित गैरवर्तनाबद्दल त्याच्यावर दोषारोप ठेवून, त्याचे म्हणणे ऐकून व पुरावा तपासून त्याला शिक्षा द्यावी किंवा कसे, हे ठरविण्याची प्रशासनांतर्गत पद्धती. कर्तव्यात कसूर, वरिष्ठांच्या कायदेशीर आदेशाचा भंग, शासकीय रकमेचा अपहार, लाच, विनापरवानगी गैरहजेरी, कार्यालयीन कागदपत्रांत फेरफार इ. बाबी गैरवर्तनात मोडतात. या चौकशीत आरोप ठेवणारा, चौकशी करणारा आणि शिक्षा देणारा हे तिघेही बहुधा एकाच प्रशासनाचे घटक असतात. न्यायालयात फिर्यादी व न्यायाधीश मुळातच वेगळे असतात. येथे ते वेगळेपण नियमांनी निर्माण करावे लागते. विभागीय चौकशीचे बहुतेक नियम या गरजेतून उद्भवले आहेत.

पार्श्वभूमी : ब्रिटिश अमदानीत शासकीय सेवक हा राजसत्तेची मर्जी असेतोवर पद धारण करतो, हे तत्त्व रूढ होते. त्याला पहिली महत्त्वाची मर्यादा १८५० च्या लोकसेवक चौकशी अधिनियमाने घातली. या अधिनियमाखालील गाजलेली चौकशी पुण्यात झाली. मुंबईचे पहिले महापालिका आयुक्त व नंतर मुंबई इलाख्यात महसूल आयुक्त असलेले आर्थर क्रॉफर्ड यांच्यावर मामलेदारांकडून नेमणुका व बदल्यांसाठी पैसे घेतल्याचा आरोप आला आणि १८८८ मध्ये आयोगासमोर त्याची चौकशी झाली. लाचेचे आरोप सिद्ध झाले नाहीत. तथापि आपल्या अधिकारक्षेत्रातील लोकांकडून कर्जाऊ रकमा घेतल्याबद्दल त्यांना सेवेतून दूर करण्यात आले. ज्या मामलेदारांनी सरकारच्या अभयवचनावर विसंबून साक्ष दिली होती, त्यांच्याविरुद्धच पुढे कारवाईची मागणी झाली. लोकमान्य टिळकांनी त्यांची बाजू घेतली. चौकशीतील साक्षीदाराला दिलेला शब्द प्रशासनाने पाळावयाचा की नाही, हा प्रश्न या निमित्ताने महाराष्ट्रात जाहीरपणे चर्चिला गेला.

भारत सरकारच्या १९१९ व १९३५ च्या अधिनियमांनी बडतर्फीविरुद्ध काही संरक्षण दिले. स्वातंत्र्यानंतर हीच तरतूद अधिक विस्ताराने राज्यघटनेत आली.

घटनात्मक संरक्षण : अनुच्छेद ३१० अन्वये राज्याचा सेवक राज्यपालाची मर्जी असेपर्यंत पद धारण करतो, परंतु अनुच्छेद ३११ या मर्जीला दोन बंधने घालतो. एक, नेमणूक करणाऱ्या प्राधिकाऱ्याहून कनिष्ठ अधिकाऱ्याला कर्मचाऱ्यास बडतर्फ करता किंवा सेवेतून काढून टाकता येत नाही. दोन, दोषारोप कळवून व बचावाची वाजवी संधी देऊन चौकशी केल्याखेरीज बडतर्फी, सेवेतून काढून टाकणे किंवा पदावनती या शिक्षा देता येत नाहीत. खेमचंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वाजवी संधीचा अर्थ स्पष्ट केला : आरोप नाकारून निर्दोषत्व प्रस्थापित करण्याची संधी, विरुद्ध साक्षीदारांची उलटतपासणी घेऊन स्वतःचा पुरावा देण्याची संधी आणि प्रस्तावित शिक्षेविरुद्ध म्हणणे मांडण्याची संधी. यांपैकी तिसरी संधी १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वगळण्यात आली.

फौजदारी गुन्ह्याबद्दल शिक्षा झाली असल्यास, चौकशी घेणे वाजवी रीत्या व्यवहार्य नसल्यास किंवा राज्याच्या सुरक्षिततेसाठी ती घेणे इष्ट नसल्यास चौकशीविना शिक्षा देता येते. तुलसीराम पटेल खटल्यात (१९८५) न्यायालयाने हे अपवाद वैध ठरविले. मात्र चौकशी अव्यवहार्य का, याची कारणे लेखी नोंदविणे बंधनकारक असल्याचे सांगितले. केवळ कटकट टाळण्यासाठी या अपवादाचा आश्रय घेता येत नाही.

संरक्षणाची व्याप्ती : अनुच्छेद ३११ चे संरक्षण संघराज्याच्या किंवा राज्याच्या नागरी सेवेतील व्यक्तींपुरते मर्यादित आहे. एकाच ठिकाणी काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांची स्थिती यामुळे कशी भिन्न होते, हे नवी मुंबईतील करावे गावाच्या उदाहरणावरून समजते. बेलापूरच्या कोकण भवनातून चालणाऱ्या महसूल खात्याचा एखादा लिपिक तेथे नेमलेला असेल, तर त्याला अनुच्छेद ३११ व राज्य सेवांचे नियम लागू होतात. त्याच गावात काम करणारा महापालिकेचा स्वच्छता निरीक्षक राज्याचा नागरी सेवक नसतो. १ जानेवारी १९९२ रोजी अस्तित्वात आलेल्या नवी मुंबई महानगरपालिकेला १९४९ चा महानगरपालिका अधिनियम लागू असून त्याच्या कलम ५६ मध्ये शिक्षांची व वाजवी संधीची तरतूद आहे. सिडको ही १९७० मध्ये स्थापन झालेली शासनाच्या मालकीची कंपनी असल्यामुळे तिचे कर्मचारी कंपनीच्या सेवाविनियमांनी बांधलेले असतात. तिघांच्या संरक्षणाचा उगम निरनिराळा असला, तरी नैसर्गिक न्यायाचे किमान नियम तिन्ही ठिकाणी पाळावे लागतात.

महाराष्ट्रातील कार्यपद्धती : राज्य कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ व महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ लागू आहेत. ठपका ठेवणे, पदोन्नती रोखणे, शासनाच्या नुकसानीची वेतनातून वसुली आणि वेतनवाढ रोखणे या किरकोळ शिक्षा होत. वेतनश्रेणीतील खालच्या टप्प्यावर आणणे, पदावनती, सक्तीची सेवानिवृत्ती, सेवेतून काढून टाकणे आणि बडतर्फी या जबर शिक्षा होत. सेवेतून काढून टाकलेल्या व्यक्तीला पुन्हा शासकीय नोकरी मिळण्यास प्रत्यवाय नसतो. बडतर्फ व्यक्तीला सामान्यतः ती मिळत नाही. किरकोळ शिक्षेसाठी आरोप कळवून लेखी खुलासा मागविणे बहुधा पुरेसे असते. जबर शिक्षेसाठी नियम ८ मधील सविस्तर चौकशी आवश्यक असते.

सविस्तर चौकशीचा प्रारंभ दोषारोपपत्राने होतो. त्याला चार जोडपत्रे असतात : दोषारोप, त्यांच्या पुष्ट्यर्थ घटनांचे विवरण, कागदपत्रांची यादी व साक्षीदारांची यादी. आरोप मोघम असेल, तर त्याला उत्तर देता येत नाही. म्हणून दिनांक, ठिकाण, रक्कम व भंग झालेला नियम यांचा निश्चित उल्लेख आवश्यक ठरतो. कर्मचाऱ्याने आरोप नाकारल्यास चौकशी अधिकारी नेमला जातो. शासनाची बाजू सादरकर्ता अधिकारी मांडतो, तर कर्मचाऱ्याला बचावासाठी दुसऱ्या शासकीय कर्मचाऱ्याचे साहाय्य घेता येते. सादरकर्ता कायदेतज्ज्ञ नसेल, तर वकील देण्याचा हक्क सामान्यतः नसतो. मुंबई बंदर विश्वस्त मंडळाच्या एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात मंडळाने आपल्या बाजूने विधी अधिकारी नेमले, कर्मचाऱ्याला मात्र वकील नाकारला. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये अशी विषम लढत नैसर्गिक न्यायाविरुद्ध ठरविली.

कर्मचारी गैरहजर राहिल्यास चौकशी एकतर्फी चालविता येते. परंतु तेव्हाही पुरावा नोंदवावाच लागतो, गैरहजेरी ही कबुली ठरत नाही. फौजदारी खटल्याप्रमाणे संशयातीत पुराव्याची अपेक्षा नसते. संभाव्यतेचे पारडे कोणीकडे झुकते, हे पाहिले जाते. त्यामुळे न्यायालयातून सुटलेला कर्मचारी विभागीय चौकशीत दोषी ठरू शकतो. असे असले, तरी निव्वळ संशय हा पुरावा नव्हे.

चौकशी अधिकारी निष्कर्ष देतो. शिक्षेचा निर्णय शिस्तभंगविषयक प्राधिकारी घेतो. या दोहोंमधील अहवालाला महत्त्व आहे, कारण शिक्षा देणाऱ्याचे मन त्यावरून बनते. अहवालाची प्रत न देता केलेली बडतर्फी महाराष्ट्रातील जोशी खटल्यात (१९६९) टिकली नाही. बेचाळिसाव्या दुरुस्तीनंतर ही प्रत देण्याची गरज उरली काय, असा प्रश्न निर्माण झाला. रमझान खान (१९९०) व करुणाकर (१९९३) या खटल्यांत न्यायालयाने सांगितले, की शिक्षेविषयी दुसरी संधी गेली असली, तरी निष्कर्षांविरुद्ध म्हणणे मांडण्याचा हक्क कायम आहे. मात्र प्रत न दिल्याने कर्मचाऱ्याच्या बचावाला खरोखर बाध आला काय, हे तपासूनच आदेश रद्द करावा, असेही करुणाकर खटल्यात ठरले.

निलंबन व निर्वाह भत्ता : निलंबन ही शिक्षा नव्हे, पुराव्यात ढवळाढवळ होऊ नये म्हणून कर्मचाऱ्याला कामापासून दूर ठेवण्याचा तो तात्पुरता उपाय होय. अठ्ठेचाळीस तासांहून अधिक काळ कोठडीत असलेला कर्मचारी निलंबित मानला जातो. या काळात प्रारंभी अर्धवेतनी रजावेतनाइतका निर्वाह भत्ता मिळतो. तीन महिन्यांनंतर, विलंबास कोण जबाबदार आहे हे पाहून तो वाढविता किंवा कमी करता येतो. मुंबई नागरी सेवा नियमांत अशी तरतूद होती, की न्यायालयाने दोषी ठरविलेल्या निलंबित कर्मचाऱ्याला अपील प्रलंबित असता दरमहा नाममात्र एक रुपया भत्ता द्यावा. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये ती रद्दबातल ठरविली. ज्याच्या घरात चूल पेटत नाही, त्याला दिलेली बचावाची संधी कागदावरच राहते. भत्त्याअभावी चौकशीच्या ठिकाणी जाणेच अशक्य झाले, तर ती चौकशी सदोष ठरते. तीन महिन्यांत दोषारोपपत्र न दिल्यास निलंबन पुढे चालू ठेवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये म्हटले व महाराष्ट्र शासनाने २०१९ मध्ये त्यानुसार सूचना काढल्या.

दाद व मूल्यमापन : शिक्षेविरुद्ध प्रथम वरिष्ठ प्राधिकाऱ्याकडे अपील करता येते. त्यानंतर राज्य कर्मचाऱ्याला १९९१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जाता येते. त्याच्या निर्णयावर उच्च न्यायालयाचे पुनर्विलोकन चालते, असे चंद्रकुमार खटल्यात (१९९७) ठरले. न्यायिक पुनर्विलोकनात पुराव्याचे पुन्हा मोजमाप होत नाही. पद्धत न्याय्य होती काय, निष्कर्षाला काही पुरावा होता काय आणि शिक्षा धक्कादायक रीत्या विषम आहे काय, एवढेच पाहिले जाते.

या पद्धतीचा मुख्य दोष विलंब हा होय. चौकशी रेंगाळली, की निर्दोष कर्मचाऱ्याची पदोन्नती, प्रतिष्ठा व निवृत्तिवेतन टांगणीला लागते. उलट साक्षीदार पांगल्याने व कागदपत्रे गहाळ झाल्याने खरा अपराधी सुटतो. घाईने किंवा निष्काळजीपणे घेतलेली चौकशी न्यायालयात टिकत नाही आणि अपहार केलेली व्यक्ती थकीत वेतनासह परत येण्याचा संभव असतो. कार्यपद्धतीचे नियम अपराध्याला पाठीशी घालतात, असा आक्षेप घेतला जातो. वस्तुतः नियम वेळीच व नीट न पाळल्याने अपराधी निसटतो. न्याय्य चौकशी कर्मचाऱ्याच्या उपजीविकेचे रक्षण करते, तितकेच दोषी ठरविलेल्याला दिलेली शिक्षा टिकण्याचाही तीच आधार असते.