साकेचा भाव नव्हे, गाव विचारावे

जपानी भाषेत 'साके' म्हणजे नुसते मद्य, मग ते कोणतेही असो. आपण ज्याला साके म्हणतो त्याला तिथे 'निहोन्शु', म्हणजे जपानचे मद्य, असे नाव आहे. 'तांदळाची वाइन' असा तिचा उल्लेख सर्रास होतो. तो फारसा बरोबर नाही. द्राक्षात साखर आयती असते, तांदळात ती नसते. म्हणून वाफवलेल्या तांदळावर कोजी नावाची बुरशी वाढवून पिष्टमय पदार्थांची साखर करावी लागते आणि त्याच टाकीत, त्याच वेळी, यीस्ट त्या साखरेचे अल्कोहोल बनवत असते. बाटलीत भरलेल्या साकेत अल्कोहोलचे प्रमाण साधारण १५ ते १६ टक्के असते.

साकेच्या बाटलीवर आणखी एक टक्केवारी छापलेली आढळते. तांदूळ सडल्यानंतर दाण्याचा किती भाग उरला, हे ती सांगते. ६० टक्के किंवा त्याहून कमी उरला तर 'गिंजो', ५० टक्के किंवा कमी उरला तर 'दाइगिंजो'. दाणा जितका लहान, तितकी किंमत मोठी. या महागड्या साकेला पिकलेल्या फळासारखा सुगंध असतो आणि नुसती चाखताना ती मोहून टाकते. भाजलेल्या माशाबरोबर मात्र हाच सुगंध आडवा येतो. जेवणासाठी साके निवडताना टक्केवारीपेक्षा ती कोणत्या गावची आहे, हे विचारणे अधिक शहाणपणाचे.

याचे कारण पाण्यात आहे. कोबे शहरालगतच्या नादा भागात १८४० मध्ये 'मियामिझु' या विहिरीच्या पाण्याचे गुण ध्यानात आले. हे पाणी दुष्फेन आहे. त्यातील क्षारांवर यीस्ट जोमाने वाढते आणि साके करकरीत, भरदार उतरते. क्योटोतील फुशिमीचे पाणी त्या मानाने सुफेन; तिथली साके मवाळ, किंचित गोडसर. नादाची साके पुरुषी आणि फुशिमीची बायकी, असे जुने लोक म्हणत. आज ही विशेषणे खटकतील, पण जिभेला फरक नेमका कळतो. कोम्बू या समुद्रवनस्पतीच्या सारात उकळलेले क्योटोचे टोफू फुशिमीच्या साकेबरोबरच खुलते.

हिरोशिमाचे पाणी इतके सुफेन की त्यात किण्वन नीट होतच नसे. मिउरा सेनझाबुरो यांनी कमी तापमानात संथ किण्वन करण्याची पद्धत बसवून १८९८ मध्ये ती प्रसिद्ध केली. तिथली मऊ साके आणि तिथलीच कालवे ही जोडी प्रसिद्ध आहे. बर्फाळ निइगाताची साके हलकी, स्वच्छ. खेकडा आणि कच्च्या माशाची नाजूक चव ती झाकत नाही. दक्षिणेला कोचीमध्ये गवताच्या जाळावर शेकलेला बोनिटो मासा लसणाच्या चकत्यांसह खातात. त्यापुढे तिथली 'कराकुची' साकेच टिकते. या शब्दाचा मूळ अर्थ तिखट, पण इथे तो 'गोडवा नसलेली' असा घ्यायचा.

माशाशी साकेचे जमते त्यालाही कारण आहे. लोहामुळे साकेचा रंग व वास बिघडतो, म्हणून लोहाचा अंश नसलेले पाणीच वापरले जाते. वाइन घेऊन समुद्री अन्न खाताना तोंडात येणारा हिवस वास वाइनमधील लोहामुळे येतो, असे जपानी संशोधकांनी २००९ मध्ये दाखवून दिले. शिवाय साकेत आंबटपणा कमी आणि अमिनो आम्ले भरपूर असतात.

तापमानाचे महत्त्वही कमी नाही. जपानीत दर पाच अंशांना वेगळे नाव आहे : ३५ अंशांची साके 'माणसाच्या त्वचेइतकी', ५० अंशांची 'कढत'. गिंजो थंडच घ्यावी. 'यामाहाई' या जुन्या धाटणीची आंबूस, दाट साके मात्र ४० ते ४५ अंशांवर फुलते. इशिकावा प्रांतातील नोतो द्वीपकल्पात कोंड्यात मुरवलेल्या खारट सार्डिन माशाबरोबर ती घेतात. इतका उग्र पदार्थ दुसऱ्या कुठल्या मद्याला पेलेल, असे वाटत नाही.

हे सारे टिकेल का, हा प्रश्न आहे. जपानमधील साकेचा खप १९७० च्या दशकातील शिखराच्या एक चतुर्थांशाहूनही कमी झाला आहे. साके बनवण्याच्या पारंपरिक कौशल्याला डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. त्याच वर्षी १ जानेवारीला नोतोच्या भूकंपात साकेचे अनेक कारखाने कोसळले होते. ढिगाऱ्याखालून वाचवलेला तांदूळ आणि टाक्यांतले अर्धे आंबलेले मिश्रण इतर कारखान्यांनी आपल्याकडे नेले आणि नोतोचे कारागीर तिथे जाऊन काम करू लागले. हात त्यांचेच होते. नव्या टाक्यांत पाणी मात्र दुसऱ्या गावचे होते.