विश्लेषण : हुबेहूब जुळ्यांच्याही बोटांचे ठसे वेगळे का? ट्युरिंग यांच्या ७० वर्षांपूर्वीच्या गणितात उत्तर कसे सापडले?

एकाच फलित बीजापासून जन्मलेल्या जुळ्या भावंडांची जनुके जवळपास सारखीच असतात. चेहरा सारखा, रक्तगट सारखा, पण बोटांचे ठसे मात्र वेगळे. याच वेगळेपणाच्या भरवशावर ‘आधार’पासून गुन्हे तपासापर्यंत अनेक यंत्रणा उभ्या आहेत. हे ठसे गर्भात नेमके कसे तयार होतात, याचे रेणूंच्या पातळीवरचे उत्तर एडिंबरा विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात मांडले. त्या उत्तराचा पाया गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांनी १९५२ मध्येच घातला होता. तेच गणित आज पाणी गाळण्याच्या पडद्यांच्या निर्मितीतही वापरले गेले आहे.

ट्युरिंग यांनी काय मांडले होते?

संगणकशास्त्राचे जनक आणि दुसऱ्या महायुद्धात जर्मन सांकेतिक संदेश उलगडणारे गणितज्ञ ही ट्युरिंग यांची ओळख. मात्र मँचेस्टर विद्यापीठात असताना त्यांना वेगळ्याच प्रश्नाने पछाडले होते. गर्भ सुरुवातीला सारख्या पेशींचा गोळा असतो. मग त्यात एके ठिकाणी पट्टा, दुसरीकडे ठिपका, तिसरीकडे बोट अशी रचना येते कुठून? लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात ऑगस्ट १९५२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात त्यांनी समीकरणांतून दाखवले की, यासाठी आधीपासून आखलेल्या नकाशाची गरज नाही. एकमेकांवर क्रिया करणारी आणि वेगवेगळ्या गतीने पसरणारी दोन रसायने पुरेशी आहेत.

हे मत धक्कादायक होते. पाण्यात शाईचा थेंब टाकला तर शाई पसरते आणि रंग सगळीकडे सारखा होतो. पसरण्याने फरक मिटतात, असाच आपला रोजचा अनुभव. योग्य परिस्थितीत याच पसरण्याने फरक निर्माण होतात, असे ट्युरिंग यांचे गणित सांगत होते. हा लेख प्रसिद्ध झाल्यानंतर दोन वर्षांच्या आत, जून १९५४ मध्ये वयाच्या ४१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

पसरण्यातून नक्षी तयार कशी होते?

कोरड्या माळरानावरचे गवत हे याचे सोपे उदाहरण. गवताचा एक पुंजका वाढला की त्याच्या सावलीत ओल टिकते आणि त्याला लागून आणखी गवत उगवते. म्हणजे जवळच्या जवळ वाढीला चालना मिळते. पण त्याच पुंजक्याची मुळे दूरवरचे पाणी ओढून घेतात, त्यामुळे थोड्या अंतरावर काहीच उगवू शकत नाही. परिणामी गवत सगळीकडे सारखे न पसरता पुंजका, मोकळी जमीन, पुन्हा पुंजका अशी नक्षी तयार होते. आफ्रिकेतील नायजरसारख्या देशांच्या निमकोरड्या भागात झुडपांचे असे पट्टे आकाशातून स्पष्ट दिसतात.

शरीरात गवताची जागा ‘प्रेरक’ रसायन घेते. ते स्वतःची निर्मिती वाढवते आणि सोबत ‘रोधक’ रसायनही तयार करते. रोधक अधिक वेगाने दूर पसरते आणि तिथे प्रेरकाला दाबून टाकते. जवळ चालना, दूर अडथळा असा हा नियम आहे. अल्फ्रेड गिरर आणि हान्स माइनहार्ट या जर्मन शास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये तो या सुटसुटीत रूपात मांडला. प्रमाण बदलले की त्याच समीकरणांतून कधी ठिपके, कधी पट्टे, तर कधी चक्रव्यूहासारखी नक्षी मिळते.

मग जीवशास्त्रज्ञांनी दुर्लक्ष का केले?

संगणकावर बिबट्याचे ठिपके आणि झेब्र्याचे पट्टे हुबेहूब उमटत होते. मात्र नक्षी सारखी दिसली म्हणजे ती त्याच मार्गाने तयार झाली असे सिद्ध होत नाही. हा धडा फळमाशीने दिला. तिच्या गर्भात एका टप्प्यावर सात नेमके पट्टे दिसतात. ट्युरिंग यांच्या गणिताला याहून चांगले उदाहरण मिळणार नाही, असे अनेकांना वाटत होते. प्रत्यक्षात या पट्ट्यांसाठी जनुकीय नियंत्रणाचे स्वतंत्र तुकडे असल्याचे १९८०च्या दशकात स्पष्ट झाले. निसर्गाने सुंदर समीकरणाऐवजी एकेक पट्टा सुटा जोडण्याचा किचकट मार्ग निवडला होता. त्यानंतर बराच काळ ट्युरिंग यांचे नाव जीवशास्त्रात जपूनच घेतले जाई.

रसायनशास्त्रातही पुरावा मिळायला १९९० उजाडले. फ्रान्समधील बोर्दो येथील संशोधकांनी क्लोराइट, आयोडाइड आणि मॅलोनिक आम्ल यांच्या अभिक्रियेतून जेलमध्ये स्थिर ठिपके मिळवले. रंग दिसावा म्हणून त्यात स्टार्च घातले होते. त्या स्टार्चने आयोडिनला धरून ठेवत प्रेरकाचा वेग कमी केला होता, हे पुढे उलगडले. दोन रसायनांच्या वेगात पुरेसा फरक पडला तो त्यामुळेच.

सजीवांमध्ये पुरावा कधी मिळाला?

जपानचे शिगेरू कोंदो आणि रिहितो असाई यांनी १९९५ मध्ये एंजलफिश या सागरी माशाचे पट्टे तपासले. मासा वाढतो तेव्हा त्याचे पट्टे रुंद होत नाहीत, तर मधल्या जागेत नवे पट्टे येतात आणि पट्ट्यांचे फाटे सरकतात. समीकरणे हेच भाकीत करत होती. पुढे झेब्राफिशच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट लक्षात आली. तिथे पसरणाऱ्या रसायनांपेक्षा रंगपेशींचे परस्परांशी असलेले संबंध महत्त्वाचे ठरतात. म्हणजे गणित तेच, पण त्यातील पात्रे वेगळी.

लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील संशोधकांनी २०१२ मध्ये उंदराच्या टाळूवरील आडव्या कंगोऱ्यांसाठी एफजीएफ आणि ‘सॉनिक हेजहॉग’ ही प्रथिने प्रेरक-रोधकाचे काम करतात, हे दाखवले. त्याच वर्षी काही ठरावीक जनुके कमी केल्यावर उंदराच्या पंजाला १४ पर्यंत बोटे फुटतात, असे आणखी एका प्रयोगात आढळले. पंजाची रुंदी फारशी वाढली नव्हती. बोटे बारीक होऊन एकमेकांच्या जवळ आली होती. पट्ट्यांमधील अंतर कमी झाल्यावर नेमके हेच व्हायला हवे होते.

बोटांच्या ठशांचे संशोधन काय सांगते?

एडिंबरा येथील डेनिस हेडन यांच्या गटाने मानवी गर्भाच्या ऊती, प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी आणि उंदरांची बोटे या तिन्हींचा अभ्यास केला. उंदराच्या बोटांवर ठशांसारख्या वेटोळ्या नसल्या तरी साधे आडवे कंगोरे असतात. ठशांचे कंगोरे सुरुवातीला केसांच्या मुळांसारखेच घडू लागतात, पण ही प्रक्रिया अर्ध्यावर थांबते, असे त्यांना आढळले. म्हणूनच तळहातावर केसांऐवजी कंगोरे असतात.

या कंगोऱ्यांची आखणी तीन संदेश यंत्रणा करतात. डब्ल्यूएनटी पेशींच्या वाढीला चालना देते, बीएमपी तिला रोखते आणि ईडीएआर कंगोऱ्यांचा आकार आणि त्यांतील अंतर यावर परिणाम करते. उंदरांमध्ये ईडीएआरचा प्रभाव घटवल्यावर पट्ट्यांच्या जागी ठिपके आले. समीकरणातील एक आकडा बदलल्यावर संगणकाच्या पडद्यावर जे घडते, ते इथे कातडीवर घडले होते.

जुळ्यांचे ठसे वेगळे कसे होतात?

कंगोरे संपूर्ण बोटावर एकाच वेळी उमटत नाहीत. गर्भाच्या साधारण तेराव्या आठवड्यापासून ते लाटांसारखे पसरू लागतात. एक लाट बोटाच्या टोकावरील गादीच्या मधून निघते, दुसरी नखाखालून आणि तिसरी पेराच्या घडीपासून. या लाटा कुठे आणि कधी भेटतात, यावर ठसा कमानीचा होणार, फासासारखा होणार की चक्राचा, हे ठरते. गादी उंच असेल आणि तिथली लाट लवकर निघाली तर चक्र बनण्याची शक्यता वाढते.

गादीचा आकार किंवा बोटांची ठेवण यांवर जनुकांचा प्रभाव असतो. म्हणून जुळ्यांच्या ठशांचा प्रकार अनेकदा मिळताजुळता असतो. पण एखादा कंगोरा कुठे फुटणार, कुठे संपणार आणि कुठे दुसऱ्याला मिळणार, हे त्या क्षणीच्या अगदी सूक्ष्म फरकांवर ठरते. ट्युरिंग पद्धतीत सुरुवातीचा नगण्य फरकही वाढत जाऊन कायमचा होतो. एकाच गर्भाशयातील दोन बाळांच्या, इतकेच नव्हे तर एकाच व्यक्तीच्या दहा बोटांच्या बाबतीतही हे फरक सारखे असू शकत नाहीत.

अभियांत्रिकीला याचा काय उपयोग?

चीनमधील झेजियांग विद्यापीठाच्या अभियंत्यांनी २०१८ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात हेच गणित पाणी शुद्धीकरणासाठी वापरले. पाणी गाळण्याचे पॉलिअमाइडचे पातळ पडदे दोन द्रवांच्या सीमेवर तयार होतात. पाण्यात एक रसायन, वरच्या तेलकट द्रावकात दुसरे, आणि जिथे ती भेटतात तिथे साय धरावी तसा पडदा. या अभियंत्यांनी पाण्यात पॉलिव्हिनाइल अल्कोहोल मिसळून पहिल्या रसायनाचा वेग मुद्दाम कमी केला. बोर्दोच्या प्रयोगात स्टार्चने नकळत केलेले काम इथे ठरवून करण्यात आले. त्यामुळे सपाट पडद्याऐवजी अतिसूक्ष्म फुगवटे आणि नळ्यांची जाळी असलेला पडदा मिळाला. पृष्ठभाग वाढल्याने क्षार अडवत असतानाही त्यातून पाणी अधिक वेगाने जाऊ लागले.

उलट दिशेनेही देवाणघेवाण झाली. ट्युरिंग यांच्या समीकरणांतून येणाऱ्या नक्षीच्या कडा धूसर असतात, पण माशांच्या अंगावरील रेषा रेखीव असतात. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाचे बेंजामिन अलेसिओ आणि रासायनिक अभियंते अंकुर गुप्ता यांनी २०२३ मध्ये त्यावर तोडगा सुचवला. डिटर्जंट कपड्यातून पाण्यात पसरताना मळाचे कण सोबत ओढून नेतो. तशीच पसरणारी रसायने रंगपेशींना ओढून नेत असतील, असे गृहीत धरून त्यांनी आकडेमोड केली. तेव्हा ऑर्नेट बॉक्सफिश या माशाच्या अंगावरील षटकोनांसारख्या ठळक रेषा मिळाल्या. माशाच्या शरीरात हीच यंत्रणा काम करते का, हे मात्र जीवशास्त्रज्ञांना प्रयोगाने तपासावे लागेल. फळमाशीचा धडा इथेही लागू आहे.

ठशांवरून मुलांची बुद्धिमत्ता कळते का?

बोटांचे ठसे घेऊन मुलांचा कल, बुद्धिमत्ता आणि भविष्यातील करिअर सांगण्याचा दावा करणाऱ्या ‘डीएमआयटी’ चाचण्या राज्यातील अनेक शहरांत पैसे घेऊन केल्या जातात. मेंदू आणि ठसे गर्भात एकाच काळात घडतात, असा युक्तिवाद त्यासाठी केला जातो. एकाच काळात घडणे म्हणजे एकामुळे दुसरे घडणे नव्हे. ठशाचा प्रकार बोटाच्या गादीचा आकार, लाटांची वेळ आणि कातडीतील स्थानिक संदेश यांवर ठरतो, असे संशोधन सांगते. मुलगा गणितात हुशार निघेल की संगीतात, हे वाचण्यासारखे त्यात काही नाही. डाऊन सिंड्रोमसारख्या गुणसूत्रांच्या काही विकारांत ठशांची ठेवण सरासरीपेक्षा वेगळी आढळते, हे खरे. पण ते वैद्यकीय निरीक्षण आहे, निरोगी मुलाचे भवितव्य सांगण्याचा आधार नव्हे.

‘आधार’ आणि गुन्हे तपासासाठी याचा अर्थ काय?

ठशांवरून ओळख पटवण्याच्या पद्धतीचे भारताशी जुने नाते आहे. जगातील पहिले अंगुलीमुद्रा कार्यालय १८९७ मध्ये कोलकात्यात सुरू झाले. तिथल्या वर्गीकरणाच्या मांडणीत अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचा मोठा वाटा होता. दोन ठसे सारखे नसतात, हे तेव्हा अनुभवावरून मानले गेले. ते तसे का असावे, याचे कारण आता समजले आहे.

मात्र ठसा अद्वितीय असणे आणि तो अचूक जुळवता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माद्रिदमधील २००४ च्या रेल्वे बॉम्बस्फोटांच्या तपासात ‘एफबीआय’ने अपुऱ्या ठशावरून अमेरिकेतील एका निरपराध वकिलाला ताब्यात घेतले होते. नंतर या संस्थेला माफी मागावी लागली. रेशन दुकानातील यंत्राची अडचण याच्या उलट आहे. वीटभट्टीवर, शेतात किंवा सिमेंटमध्ये राबणाऱ्या हातांचे वरचे कंगोरे झिजतात आणि यंत्र खऱ्या लाभार्थ्यालाच नाकारते. नक्षीचा साचा कातडीच्या खालच्या थरात शाबूत असतो. त्यामुळे खोल जखम नसेल आणि हातांना विश्रांती मिळाली तर तोच ठसा पुन्हा उमटतो. पण रोजच्या कामात ती विश्रांती मिळत नाही आणि वयानुसार कातडीही पातळ होते. म्हणूनच डोळ्यांची बुबुळे, चेहरा किंवा ओटीपी हे पर्याय कागदावर न राहता प्रत्येक दुकानात उपलब्ध असणे गरजेचे आहे.