टोमॅटोवरचे अंडे आणि सासूबाईंची वाटी

सकाळच्या घाईत मुले उपाशीपोटी शाळेत जातात आणि आईचा जीव दिवसभर टांगणीला लागतो. पारशी घरांतला एक साधा पदार्थ यावर छान उपाय ठरू शकतो. अगदी घरात माळकरी सासूबाई असल्या तरी!

गेल्या जूनमधली गोष्ट. मी लोकल गाठायला निघते न निघते तोच शाळेतून फोन आला, ‘‘तुमची मुलगी प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन पडली. घ्यायला या.’’

माझी सातवीतली लेक पावणेसातला घर सोडते. कपभर चहा आणि दोन बिस्किटे, की झाली न्याहारी! मला ते रोज दिसत होते. पण डबे भरायच्या धांदलीत ‘उद्यापासून बघू’ म्हणत मी दिवस ढकलत होते.

डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितले. हिमोग्लोबिन ९ निघाले. गोळ्या लिहून देत ते म्हणाले, ‘‘लोहाच्या गोळ्या मी देतो, सकाळचं खाणं तुम्ही द्या. घरात चालत असेल तर अंडं सुरू करा.’’

‘चालत असेल तर’ हेच अवघड होते. सासूबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ. आमच्या स्वयंपाकघरात आजवर अंडे शिरले नव्हते. रात्री जेवताना मी विषय काढला. त्या काहीच बोलल्या नाहीत, फक्त ताटावरून लवकर उठल्या. यांनी माझ्याकडे पाहिले आणि मान खाली घातली. एकीकडे लेकीचा पांढराफटक चेहरा, दुसरीकडे त्या माउलीची श्रद्धा. दुखवायचे तरी कुणाला?

मार्ग दाखवला खालच्या मजल्यावरच्या पारशी आंटींनी.

काय आहे ‘पर ईडू’?

पारशी गुजरातीत ‘ईडू’ म्हणजे अंडे. ‘पर ईडू’ म्हणजे ‘वर अंडे’. खाली कशाचाही थर चालतो. टोमॅटो, बटाटा, भेंडी, मेथीची भाजी, नाहीतर तळलेली बटाट्याची सळी. त्यावर अंडी फोडायची आणि झाकण ठेवून वाफेवर शिजवायची. रात्रीची भाजी उरली तरी सकाळी तिच्यावर अंडे फोडले की न्याहारी तयार!

पारशी लोकांचे पूर्वज इराणहून गुजरातच्या किनाऱ्यावर संजाणला उतरले, त्याला हजारावर वर्षे झाली. टोमॅटो मात्र मूळचा अमेरिका खंडातला. १४९२ मध्ये कोलंबस तिकडे पोहोचला, त्यानंतरच बाकीच्या जगाला तो ठाऊक झाला. म्हणजे ‘टमोटा पर ईडू’ त्यांनी बरोबर आणलेला नाही, तो इथेच जमून आला. ट्युनिशियातली शकशुका आणि तुर्कस्तानातले मेनेमेन ही त्याचीच लांबची भावंडे.

साहित्य (चौघांसाठी)

४ अंडी, अर्धा किलो पिकलेले लाल टोमॅटो, २ मध्यम कांदे, २ हिरव्या मिरच्या, १ चमचा आले-लसणाचे वाटण, पाव चमचा हळद, अर्धा चमचा लाल तिखट, चिमूटभर साखर, १ चमचा व्हिनेगर, २ मोठे चमचे तेल, मूठभर कोथिंबीर, चवीपुरते मीठ.

कृती

पसरट भांड्यात तेल तापवून बारीक चिरलेला कांदा सोनेरी होईपर्यंत परता. घाई करू नका, सारी चव इथेच आहे. मग वाटण, मिरच्या, हळद आणि तिखट घाला. खमंग वास सुटला की चिरलेले टोमॅटो व मीठ घालून मंद आचेवर शिजू द्या. टोमॅटो गळून, पाणी आटून कडेने तेल सुटू लागले की साखर, व्हिनेगर व कोथिंबीर घाला.

आता डावाच्या पाठीने चार खळगे करा. प्रत्येक अंडे आधी वाटीत फोडून पाहा, मग खळग्यात अलगद सोडा. वर झाकण ठेवा आणि झाकणात थोडे पाणी घाला. आपण भाजीवर ताटात पाणी ठेवतो ना, तसेच! आच मंद ठेवा. पाच-सात मिनिटांत पांढरे घट्ट होते. मुलांना द्यायचे असेल तर पिवळा बलकही घट्ट होऊ द्या. पावाबरोबर किंवा गरम पोळीबरोबर वाढा.

टोमॅटोचा मसाला रात्रीच करून फ्रिजमध्ये ठेवला तर सकाळी दहा मिनिटे पुरतात.

जोडी जमली ती का?

एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिने असतात. अ, ड आणि ब-१२ ही जीवनसत्त्वेही असतात. नसते ते फक्त ‘क’ जीवनसत्त्व. शिवाय अंड्यातले लोह शरीर फारसे शोषून घेत नाही. टोमॅटोतले ‘क’ जीवनसत्त्व त्याला मदत करते. शिजवताना त्यातले काही नष्ट होते, म्हणून वाढताना वरून लिंबू पिळा. आणि हो, याबरोबर चहा देऊ नका. चहा लोहाच्या शोषणात अडथळा आणतो. निदान तासाभराचे अंतर ठेवा.

मात्र रक्त कमी असेल तर केवळ अंड्यावर विसंबू नका. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या पूर्ण घ्या, आहारात पालेभाज्या वाढवा. मधुमेह किंवा हृदयविकार असेल त्यांनी किती अंडी खावीत, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे.

अंडे शिळे वाटत असेल तर पाण्यात सोडून पाहा. ताजे अंडे तळाशी आडवे बसते. जुने झाले की आतली हवेची पोकळी वाढते आणि ते उभे राहते. तरंगू लागले तर टाकून द्या.

आणि सासूबाई?

आंटी म्हणाल्या होत्या, ‘‘अरे डीकरी, टमोटाचा मसाला तर शुद्ध शाकाहारी ने! अंडा शेवटी येते.’’ त्या एका वाक्याने कोडे सुटले. मसाला स्वयंपाकघरातच करायचा. सासूबाईंची वाटी आधी काढून ठेवायची. उरलेला मसाला वेगळ्या पॅनमध्ये घ्यायचा आणि अंडी गॅलरीतल्या विजेच्या शेगडीवर शिजवायची. पॅन, डाव, झाकण सारे वेगळे. एकादशीला आणि चातुर्मासात त्यांना कांदा-लसूण चालत नाही, तेव्हा त्यांच्यासाठी नुसता जिरे घातलेला टोमॅटो.

पहिले काही दिवस त्या वाटी मुकाट्याने घेत. मी विचारत नव्हते, त्या सांगत नव्हत्या. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासले, तेव्हा हिमोग्लोबिन ११ वर आले होते. गोळ्यांचा वाटा मोठा, पण भरल्या पोटाचाही होताच.

मागच्या महिन्यात मला ताप आला आणि सकाळी जागच आली नाही. दचकून उठले तर घरभर टोमॅटोचा खमंग वास. सासूबाईंनी मसाला करून ठेवला होता आणि लेक गॅलरीत अंडी फोडत होती.

मी काही बोलण्याआधीच त्या म्हणाल्या, ‘‘अंड्याला मी हात लावायची नाही हो. पण पोर उपाशी शाळेत गेली, तर विठोबाला काय तोंड दाखवू?’’

आणि आपली वाटी घेऊन त्या नातीशेजारी न्याहारीला बसल्या.